ळ आभाळाचा

(३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीच्या मेळाव्यात एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. अनेक मैत्रिणींनी मागितलं म्हणून बोललं तसंच छापत आहोत.)



माझ्या आधीच्या ताईंनी शेळीपालनाचं सांगितलं, मसाला कांडपाचं सांगितलं. एका गटानं शिलाईची मशिनं घेतली, त्याचं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. आता माझी पंचाईत झाली आहे. आमच्या गटानं गेल्या वर्षात नवीन काय केलं, असं विचारलं तर मला सांगावं लागेल, की आम्ही एक खेळ खेळलो. अक्षरांचा खेळ. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत ऐका. त्या खेळात आठ हजार रुपयांचं कर्ज गुंतलं होतं, आणि एका बाईचं पंचवीस वर्षांचं दुखणं.

मे महिना होता. तुम्हाला माहीतच आहे, मे महिन्यात दिवसा बैठक होत नाही. कांदा चाळीत भरायचा, पाणी लांबून आणायचं, त्यात लग्नसराई. म्हणून आम्ही रात्रीची बैठक ठेवली होती, जेवणं उरकून, शाळेच्या पटांगणात. बारा जणींपैकी बाराही हजर होत्या. हजेरी झाली, बचत गोळा झाली. कर्जमागणीचा विषय निघाला. दोन मागण्या होत्या. एक बियाण्याला आणि खताला. दुसरी आमच्या एका काकूंची, आठ हजारांची. कारण काय लिहायचं म्हणून मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "नातीची शांत करायची आहे. मूळ नक्षत्रावर जन्मली."

नात पंधरा दिवसांची होती. सत्ताविसाव्या दिवशी शांत करायची ठरली होती. पूजा, दक्षिणा, जेवणावळ, सगळं धरून आठ हजार.

मी पेन उचललं, आणि लाईट गेली.

आमच्या गटाचा एक नियम आहे, अंधारात पैशाचा हिशोब करायचा नाही. मागे एकदा दोनशे रुपयांचा घोळ झाला होता, तेव्हापासून. वही मिटली. आता लाईट येईपर्यंत बसायचं. अमावस्या होऊन दोन-तीन दिवस झाले होते. बारीक कोर कधीच मावळली होती. सगळीकडं काळोख आणि वर चांदण्यांचा सडा.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती, ती माझ्यासोबत आली होती. ती म्हणाली, "आई, आपण अक्षरांचा खेळ खेळूया. आमच्या बाई शाळेत घेतात. एकेकीनं ओळीनं एक-एक अक्षर घ्यायचं आणि त्या अक्षराचा आकाशातला शब्द सांगायचा. नुसता शब्द नाही, त्याच्याबद्दल एक गोष्टही सांगायची."

सगळ्या गप्प. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "आम्हाला गं काय येतंय आकाशातलं? आम्ही मातीतल्या बाया."

पोरगी म्हणाली, "आजी, तुमच्यापासूनच सुरू. अ."

आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अ अमावस्येचा. त्या दिवशी चंद्र दिसत नाही आणि माझा म्हातारा शेतात औत धरत नाही."

हशा झाला आणि खेळ सुरू झाला. दुसरीला आ आला. ती म्हणाली, "आ आर्द्रेचा. मृगात पेरलं की आर्द्रेत निंदणी." उ आला तेव्हा माझी मुलगीच म्हणाली, "उ उल्केचा." उल्का म्हणजे काय ते कुणाला कळेना. तिनं सांगितलं, की आकाशातून बारीकसा दगड पृथ्वीकडं येतो आणि हवेत शिरताना तापून पेटतो, तो उजेड आपल्याला दिसतो. "म्हणजे तारा तुटतो, तेच ना?" एकीनं विचारलं. तेच. पण तारा जागच्या जागीच असतो, जळतो तो खडा. मोठा दगड असला तर जमिनीवर आदळतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला तसाच एक आदळला, त्याच्या खड्ड्याचं सरोवर झालं. जवळजवळ दोन किलोमीटर रुंद. पुढं ल आला तेव्हा हा शब्द आम्हाला आयताच मिळाला.

ख कुणाकडं आला? आमच्यातल्या एकीचं माहेर जुन्नर तालुक्यातलं. ती म्हणाली, "ख खोडदचा. आमच्या माहेराकडं मोठ्या मोठ्या तबकड्या आहेत, आकाशाकडं तोंड करून." मुलीनं टाळी वाजवली. नारायणगावाजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० तबकड्या आहेत आणि एकेक तबकडी ४५ मीटर रुंद आहे. आमची ही बाई लहानपणी त्या तबकड्यांच्या आसपासच्या शिवारात खुरपायला जात होती. आपण काय पाहिलं ते तिला चाळिसाव्या वर्षी कळलं.

झ वर अडलो. मग एक जण हळूच म्हणाली, "झ झुंजूमुंजूचा." दुसरी म्हणाली, "ते काय आकाशातलं आहे होय?" तर ही म्हणते, "मग झुंजूमुंजू कुठं होतं, चुलीत?" आता सांगा, पहाटे साडेचारला उठून आभाळ फटफटताना रोज बघणारी बाई आकाश जास्त ओळखते, की पुस्तक वाचणारी?

ढ आमच्या एका वहिनींच्या वाट्याला आला. त्या गप्प बसल्या. म्हणाल्या, "हे अक्षर मला नको. शाळेत मला ढच म्हणायचे. म्हणून तर दुसरीत शाळा सुटली." कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "ढ ढगाचा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मुलीनं त्यांचं बोट धरून पटांगणाच्या धुळीत ढ काढला. वहिनी गटाच्या वहीत अंगठा लावायच्या. त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेलं ते पहिलं अक्षर होतं.

ण पासून शब्द सुरू होत नाही, म्हणून नियम केला, की ण आणि ळ शब्दात कुठंही आला तरी चालेल. आपण शाळेत ण बाणाचा म्हणायचो ना? आकाशातही बाण आहे. मृग नक्षत्र म्हणजे हरीण. चार कोपऱ्यांत चार तारे ते त्याचे पाय, आणि पोटात ओळीनं तीन तारे, तो बाण. ज्यानं बाण मारला तो व्याध, म्हणजे शिकारी, मागंच उभा. आजी म्हणाल्या, "मृग तर आता लागेल सात जूनला. दाखव बघू." तेव्हा मुलीनं जे सांगितलं, ते मला आजवर माहीत नव्हतं. मृग लागला म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांपुढं आला. सूर्याच्या उजेडात ते तारे दिसणारच नाहीत. पावसाळ्यात ज्याचं नाव आपण रोज घेतो, तो मृग बघायचा तर हिवाळ्यात बघायचा. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. पुढच्या नक्षत्रात गेला की आपण पावसाचं नाव बदलतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. आपल्या आज्या-पणज्या त्यावर पेरण्या करत आल्या. आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला आकाशातलं येतंय की गं!"

म आला तेव्हा एकीनं जरा कडवटपणानंच सांगितलं, "म मंगळाचा. माझ्या पुतणीचं स्थळ मोडलं, मंगळ आहे म्हणून." तेव्हा मला पेपरातला एक फोटो आठवला. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाजवळ पोचलं आणि त्याच्याभोवती फिरू लागलं. त्यावेळी इस्रोतल्या बायका आनंदानं हसताहेत असा तो फोटो होता. अंगावर काठाच्या साड्या, केसांत गजरे. आपल्या मावश्या-काकूंसारख्याच. फोटोतल्या त्या बायका इस्रोच्या कार्यालयात काम करणाऱ्या होत्या, पण यान नेमकं तिथं पोचवणाऱ्यांत शास्त्रज्ञ बायकाही होत्या. आणि इकडं आपण अजून पोरीच्या पत्रिकेतल्या मंगळाला घाबरतो.

अशी अक्षरं पुढं जात होती. ह ला कुणीतरी म्हणालं, "ह हत्तीचा, हस्ताचा पाऊस." आणि मग ळ आला.

ळ आमच्या एका मावशींच्या वाट्याला आला. ही मावशी बैठकीत कधी बोलत नाही. बचत देते, सही करते, जाते. मुलीला वाटलं होतं, सोपा शब्द येईल. मावशी कितीतरी वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ळ मुळाचा."

कुणी काही बोललं नाही. काकू तिथंच बसल्या होत्या, शांतीचं कर्ज मागणाऱ्या.

मावशी म्हणाली, "मी मूळ नक्षत्रावर जन्मले. मूळ सासऱ्याच्या मुळावर येतं म्हणतात. एकविसाव्या वर्षापर्यंत स्थळ येईना. येईल ते पत्रिका बघून परत जाई. शेवटी बिजवराला दिली. त्यांनी पत्रिका बघितली नाही, कारण त्यांना दोन लेकरं सांभाळायला बाई हवी होती. दोन वर्षांनी सासरे गेले. दम्याचं जुनं दुखणं होतं, मी यायच्या आधीपासूनचं. पण तेराव्यालाच सासूबाई चार बायकांत म्हणाल्या, पांढऱ्या पायाची आली आणि मुळावर आली. पंचवीस वर्षं झाली. सासूबाईंचं सगळं मी केलं, शेवटपर्यंत. पण तो शब्द काही त्यांनी मागं घेतला नाही. गावात अजून कुणाच्या घरी बाळंतीण असली तर मी आपण होऊन जात नाही."

सयांनो, आम्ही आठ वर्षं एका गटात होतो. दर आठवड्याला मांडीला मांडी लावून बसत होतो. ती बारशाला का येत नाही, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. माणूसघाणी आहे म्हणायचो. मीसुद्धा म्हटलेलं आहे.

माझी मुलगी लहान, तिला काय बोलावं ते कळेना. ती एवढंच म्हणाली, "मावशी, मूळ बघायचंय? थोडं थांबलं तर दिसेल."

त्या रात्री एकही जण उठून गेली नाही. अकराच्या सुमारास आग्नेयेला, शाळेच्या भिंतीच्या वर, विंचू पूर्ण वर आला. खरोखर विंचवासारखाच आकार आहे. छातीत एक लालसर तारा, ती ज्येष्ठा. तिथून खाली वळत गेलेली शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला नांगी. ती नांगी म्हणजे मूळ.

मुलीनं सांगितलं, "चंद्र या सगळ्या नक्षत्रांपुढून महिन्यात एकदा फिरतो. एकेका नक्षत्राजवळ साधारण एक दिवस असतो. तो मुळाजवळ असताना जन्मलेल्या बाळाला मूळ नक्षत्राचं म्हणतात. तसा दिवस दर महिन्याला येतो. त्या एका दिवसात आपल्या देशात हजारो बाळं जन्मतात. आणि हे तारे इतके लांब आहेत, की त्यांचा उजेड इथं यायला शेकडो वर्षं लागतात. आत्ता दिसतोय तो उजेड तिथून निघाला तेव्हा तुमच्या सासऱ्यांचे पणजोबासुद्धा जन्मले नव्हते."

मावशी मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "हेच काय ते? एवढ्या लांबून हे माझ्या सासऱ्याचं काय करणार होतं?" आणि पदर तोंडाला लावून रडली. काकू उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या.

पुढचं मी खरं खरं सांगते, गोड करून सांगत नाही. पुढच्या आठवड्यात लाईट होती. वही उघडली, बियाण्याचं कर्ज मंजूर झालं. काकूंच्या मागणीवर आम्ही कुणी काही बोललो नाही. कर्ज द्यायचं की नाही हे गट ठरवतो, पण कुणाच्या श्रद्धेवर मतदान घेणं हे गटाचं काम नाही, असं मला वाटतं. काकूच म्हणाल्या, "माझी मागणी खोडा." त्यांच्या घरी वाद झाला होता. मालक म्हणाले, लोक काय म्हणतील. मुलगा गप्प. सुनेनं मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "माझ्या पोरीला पंधराव्या दिवशीच अपशकुनी ठरवू नका." शेवटी घरातल्या घरात देवापुढं नारळ फोडला, कर्ज काढलं नाही. घरात साठवलेल्या पैशातून पोस्टात नातीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. ते खातं अडीचशे रुपयांतही उघडता येतं, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी लिहून घ्या. मालकांचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. पण नात गुटगुटीत आहे आणि आजोबांच्याच मांडीवर झोपते.

मी तुम्हाला देव सोडा म्हणत नाही. मीही वारीला जाते. माझं म्हणणं एवढंच आहे, की आकाशातल्या ताऱ्याचं ओझं पोरीच्या डोक्यावर ठेवू नका. आणि एक बघा. मुलगा मुळावर जन्मला तर त्याचीही शांत करतात, पण त्या कारणानं मुलाचं स्थळ मोडलेलं मी तरी पाहिलं नाही. मोडतं ते मुलीचं. मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला वाईट, असं सगळं सुनेच्याच नावानं लिहून ठेवलंय. आपल्यातल्या कितीतरी जणी आता सासू झाल्या आहेत. स्थळ बघायला आपण जातो, पत्रिका आपण मागतो. तेव्हा हे आपल्याच हातात आहे.

तेव्हापासून आमच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं या खेळाची असतात. खेळता खेळता बरंच काही कळलं. ग ग्रहणाचा आला तेव्हा ग्रहण म्हणजे सावली, एवढं सगळ्यांना पाठ झालं. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, सूर्यग्रहणात चंद्राची सावली पृथ्वीवर. चंद्रग्रहण खुशाल बघा. सूर्यग्रहण मात्र उघड्या डोळ्यांनी बघू नका, त्यानं डोळ्याला खरीच इजा होते. पण पोटुशी सुनेला अंधाऱ्या खोलीत उपाशी कोंडून ठेवायचं काही कारण नाही.

अ ला दुसऱ्या फेरीत अरुंधती आली. लग्नात नवरीला दाखवतात ती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीक तारा ती अरुंधती. नजर चांगली असेल तर दिसते. आमच्या आजींना अरुंधती दिसेना, आणि वसिष्ठही दिसेना. आम्ही त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं. आता आजी रात्री अंगणात बसून आम्हाला सांगतात, "ती बघ गं, नवऱ्याला सोडून कुठं जात नाही."

फ वर मात्र आम्ही सपशेल हरलो. मग शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "फ फ्लेमिंगचा." विल्यमिना फ्लेमिंग ही स्कॉटलंडची बाई. लग्न करून नवऱ्यासोबत अमेरिकेत आली. पोटात बाळ असताना नवरा सोडून गेला. परक्या देशात पोटासाठी तिनं एका घरी मोलकरणीचं काम धरलं. घरमालक हार्वर्डच्या वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांनी तिची हुशारी ओळखून १८८१ मध्ये तिला वेधशाळेत कामाला लावलं. काम काय? रात्री दुर्बिणीतून काचेवर काढलेले आकाशाचे फोटो दिवसा भिंगातून तपासायचे, वहीत नोंदी करायच्या. नोंदी, सयांनो. आपण करतो तसंच काम, वहीतलं. तिनं दहा हजारांपेक्षा जास्त ताऱ्यांची वर्गवारी केली. आणि १८८८ मध्ये अशाच एका काचेवर, मृगाच्या बाणातल्या एका ताऱ्याजवळ, तिला घोड्याच्या डोक्यासारखा काळा आकार दिसला. आज जगभर तो घोड्याच्या डोक्याचा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो.

तिथल्या पुरुषांना तिच्यापेक्षा बराच जास्त पगार होता. ती तक्रारही तिनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली. हे ऐकल्यावर आमच्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तिकडंही बाईला मजुरी कमीच." पण लिहून ठेवलं म्हणून शंभराहून जास्त वर्षांनी ते आपल्यापर्यंत पोचलं. अंगठा लावला असता तर पोचलं नसतं.

आज सावित्रीबाईंची जयंती. १८३१ साली नायगावात त्या जन्मल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. शेण आणि दगड झेलून त्यांनी आपल्या हातात अक्षर दिलं. त्या अक्षरांशी आपण थोडं खेळायलाच हवं.

तुमच्या गटात खेळायचं असेल तर नियम सोपे आहेत. गोल करून बसा. अक्षरं ओळीनं फिरवा. शब्द आकाशातला हवा आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगता आली पाहिजे. अडली तर शेजारणीनं मदत करायची, दंड नाही. शब्द सांगणारीनं ते अक्षर पाटीवर नाहीतर धुळीत स्वतःच्या बोटानं काढायचं, येत असो की नसो. सचिवानं नवीन शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. एखाद्या शब्दाला कुणाचा आवाज बदलला, तर खेळ थांबवायचा आणि ऐकायचं. हा शेवटचा नियम आमच्याकडं उशिरा आला, तुम्ही पहिल्या दिवसापासून ठेवा.

आज घरी जाताना साडेसातच्या सुमारास पूर्वेला बघा. तीन तारे एकाखाली एक उभे दिसतील, तो मृगाचा बाण. तीच रेघ खाली वाढवा, क्षितिजाजवळ खूप तेजस्वी तारा दिसेल, तो व्याध. बाणातला सगळ्यात खालचा तारा बघितलात की समजा, फ्लेमिंगबाईंचा घोडा त्याच्याजवळच आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण आहे. सोबत लेकीला घ्या, सुनेला घ्या.

आणि आता शेवटचं सांगून बसते. गेल्या महिन्यात आमच्या बैठकीला काकू नातीला घेऊन आल्या होत्या. खेळ ह पर्यंत आला. पुढचं अक्षर ळ, आणि ते नेमकं पुन्हा मावशीकडंच आलं. आम्ही सगळ्या जरा बिचकलो. मी म्हणणार होते, हे अक्षर सोडून देऊ.

मावशीनं आधी काकूंकडून बाळ मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "ळ आभाळाचा. सगळ्यांचं असतं ते." आणि पोरीचं बोट धरून पाटीवर ळ काढला.